अण्णांची खुर्ची आणि हवेची तोफ

त्र्यंबक निवास, मुलुंड
फाल्गुन वद्य सप्तमी, शके १८७७

तीर्थस्वरूप अण्णांच्या सेवेशी जावई मधुकरचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार साष्टांग असला तरी पत्र मी उभ्यानेच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहीत आहे. त्याचे कारण ओघाने येईल.) तुमचे पत्र पोचले. नाशिकच्या थंडीने गुडघा धरला होता तो आता सुटला असेल अशी आशा आहे. वसुधाने पाठवलेले तेल रोज चोळता, की बाटली कपाटात ठेवून नुसते ‘चोळतो, चोळतो’ म्हणता, हे खरे खरे कळवावे, असे तिने लिहायला सांगितले आहे. इकडे आम्ही तिघेही खुशाल. चि. माणिकचा खोकला गेला. तिचा पुढचा दात पडला, तो तिने तुम्हाला दाखवायला काड्यापेटीत जपून ठेवला आहे. पाडव्याला तुम्ही येणार आणि चांगले महिनाभर राहणार हे वाचून घरात आनंदीआनंद झाला. ‘मला दुसरे काही नको, सकाळचा चहा आणि गॅलरीतली माझी खुर्ची एवढे पुरे,’ असे तुम्ही लिहिले आहे. अण्णा, हे पत्र त्या खुर्चीबद्दलच आहे. घाबरू नका. हकीकत विजयाची आहे.

प्रथम हे सांगतो की त्या खुर्चीला मी नुसते लाकूडसामान समजत नाही. वसुधाला मागणी घालायला मी तुमच्या दादरच्या खोलीवर आलो तेव्हा माझ्याकडे ना कायमची नोकरी होती, ना स्वतःची जागा. खोलीत बसायला ती एकच आरामखुर्ची. तुम्ही उठलात, मला तीत बसवलेत आणि स्वतः दाराला टेकून तासभर उभे राहून माझी चौकशी केलीत. पुढे रिटायर होऊन नाशिकला जाताना तुम्ही ती आमच्या गॅलरीत ठेवून गेलात. पण त्या दिवसानंतर मी तीत पुन्हा कधी बसलो नाही. फडके मारायचे झाले तरी वसुधाच मारते. मी आपला लांबून बघतो आणि बरे वाटते. तेव्हा ती खुर्ची होळीच्या दिवशी दुपारी समोरच्या शारदा सदनच्या होळीवर, अगदी शेंड्याला, पाय वर करून ठेवलेली मला दिसली, तेव्हा मला काय वाटले असेल याची कल्पना तुम्हीच करा.

आता तुम्ही विचाराल की समोर जाऊन मागून का घेतली नाही. अण्णा, इथे एक अडचण होती आणि ती मीच गेल्या वर्षी निर्माण करून ठेवली होती. होळीसाठी लाकडे पळवायची चाल तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या शिमग्याला आमच्या मंडळींनी शारदा सदनच्या श्यामसुंदर कर्णिकांचे एक चांगले शिसवी बाकडे उचलून आणले. ते मागायला आले, तर मी गॅलरीत उभा राहून (तेव्हा खाली बरीच माणसे जमली होती आणि मला बोलण्याचा जरा चेव आला होता) दोन्ही इमारतींना ऐकू जाईल असा निवाडा दिला होता की, होळीवर चढलेली वस्तू परत मिळत नाही, मग ती राजाची का असेना. माझ्या या म्हणण्याला आमच्या तळमजल्यावरच्या सहदेव परबांचा भक्कम पाठिंबा होता. परब कापड गिरणीत असतात, मूळचे कुडाळकडचे, आणि शिमग्याच्या कायद्यात त्यांच्यावर अपील नाही. बाकडे जळले. कर्णिक ते पुरते जळेपर्यंत बघत उभे राहिले आणि मग गेले. असा माणूस विसरत नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवे होते.

यंदा होळीच्या आदल्या दिवशी वसुधा माणिकला घेऊन जोगेश्वरीला तिच्या मैत्रिणीकडे, जयंतीकडे, पुरणपोळ्यांना मदत करायला गेली होती, ती धुळवडीला परतणार होती. घरात मी एकटा. होळीच्या सकाळी परब विचारायला आले, की यंदा लाकूड कमी पडतेय, जिन्याखालची अडगळ नेऊ का? मी म्हटले, न्या, सगळी न्या, विचारत बसू नका. (सार्वजनिक कामात मी मागेपुढे बघत नाही, हे तुम्ही जाणताच.) त्यांनी होळी रचली आणि समोरच्यांनी हात मारू नये म्हणून वरून गोणपाट पांघरून, दोरीने बांधून टाकली. दुपारी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत आलो, तर समोर शेंड्यावर ती खुर्ची. मागे वळून पाहिले, तर आमच्या गॅलरीतली जागा रिकामी. कप खाली पडला तो वरच्या मजल्यावरच्या बिचाऱ्या सुगंधाकाकूंनी अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर.

मी मैदान ओलांडून निम्म्यापर्यंत गेलो आणि ओरडून म्हणालो की ती वरची वस्तू मुकाट्याने खाली काढा. कर्णिक होळीला एरंडाचा खांब बांधत होते. त्यांनी मान वर केली आणि माझेच वाक्य, माझ्याच आवाजात, ‘राजाची का असेना’सकट मला परत ऐकवले. त्यांची सगळी इमारत हसली. परब माझ्या मागेच उभे होते. मी आशेने त्यांच्याकडे पाहिले, तर ते कानाच्या पाळ्या पकडून म्हणाले, “एकदा होळयेर चढला म्हणजे ता देवाचा. हात लावचो नाय.” मी विचारले, हात नाही लावायचा, पण पाणी पडले तर? परबांनी वर आभाळाकडे पाहिले. मग म्हणाले, “पाणी जर वरसून पडला, तर तेका कोण काय करतलो?”

अण्णा, तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. ओली होळी पेटत नाही, आणि न पेटलेल्या होळीवरची वस्तू अजून देवाची झालेली नाही. आता फक्त वरून पाणी पाडायचे राहिले होते.

गेल्या वर्षी रंगपंचमीसाठी मी एक हवेची तोफ केली होती, ती तुम्ही पाहिलेली नाही. लॉरीच्या चाकाची जुनी ट्यूब, तिला सायकलच्या पंपाने हवा भरायची. ट्यूबला नळाची तोटी, तोटीला इमारतीच्या मागचा पन्हाळीचा पत्र्याचा पाइप. (पन्हाळीचे काम पावसाळ्यात असते. तोवर तो पाइप नुसता उभाच असतो, त्यापेक्षा उपयोगी पडलेला काय वाईट?) पाइपात पाण्याने भरलेला रबरी फुगा ठेवायचा आणि तोटी सोडायची, अशी योजना. योजना उत्तम होती, पण पल्ला कमी. तोटी सोडली की म्हशीने सुस्कारा टाकावा तसा आवाज यायचा आणि फुगा पाइपाच्या तोंडातून सावकाश बाहेर येऊन खाली आमच्याच तुळशीवर पडायचा. त्या वर्षी तुळस फार चांगली वाढली, एवढाच तोफेचा फायदा. सगळी इमारत मला ‘तुळशीवाले’ म्हणू लागली होती. मी बारा वर्षे भांडुपच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर आहे. दुसऱ्यांनी काढलेल्या यंत्रांवर पारदर्शक कागद ठेवून रेघा गिरवणे हे माझे काम. स्वतःचे म्हणून एक यंत्र केले आणि त्याने तुळशीला पाणी घातले, हे मला किती लागले होते ते मी वसुधालाही सांगितले नव्हते.

पण त्या दुपारी मला डिवचले गेले होते. तोफ गच्चीवर नेली. रंगपंचमीसाठी सबंध इमारतीने आणलेले फुगे ताब्यात घेतले आणि समोर नीट पाहिले. मधे मैदान, मैदानात चिंच, चिंचेच्या पलीकडे दशरथची पिठाची गिरणी, तिच्या पलीकडे शारदा सदनचे आवार आणि आवारात होळी. इतके लांब जायचे होते. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की हवा भरपूर आहे, पण ती त्या तोटीच्या बारीक भोकातून रांगेने बाहेर पडते. तिला एकदम ढकलायला हवे. मी तोटी काढूनच टाकली, पाइप थेट ट्यूबला जोडला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नंदकुमारला बोलावले. नंदकुमार बँकेत असतो, पण लहानपणापासून तालमीत गेलेला, आणि तालीम सोडल्यावर खाणे सोडायचे राहून गेलेले. त्याला मी पिंपावर उभे केले आणि सांगितले, मी ‘हर हर महादेव’ म्हणालो की ट्यूबवर उडी मारायची. त्याने उडी मारली. धडाम्‌ असा आवाज झाला, गच्ची हादरली, गच्चीखालच्या सुगंधाकाकूंच्या पुरणात छताचा पोपडा पडला (त्या वर येऊन जे बोलल्या ते सणाच्या दिवशी लिहिण्यासारखे नव्हते, आजही नाही), आणि फुगा पाइपातच फुटून सगळे पाणी फवाऱ्यासारखे आम्हा दोघांच्या तोंडावर आले. पण अण्णा, हवेत जोर होता! पाण्याचे चार थेंब चिंचेपर्यंत गेलेले मी डोळ्यांनी पाहिले.

म्हणजे आता फुग्याला काहीतरी बैठक द्यायला हवी, जेणेकरून धक्का तिला बसेल आणि फुगा नुसता तिच्यात बसून जाईल. मी घरात शोधायला गेलो आणि मोरीत भांडी घासायला ठेवलेली करवंटी दिसली. शिमग्याच्या दिवशी मुंबईत कशाचा तुटवडा असेल, पण नारळाच्या करवंट्यांचा नसतो. पाइपात चपखल बसेल अशी करवंटी शोधत मी जिना चढउतर केला, घरोघरी जाऊन नारळ फोडायला लावले, फोडलेले मापून पाहिले, आणि जे बसेनात ते खोबऱ्यासाठी परत दिले. करवंटीत फुगा बसवला. नंदकुमारने उडी मारली. या खेपेला फुगा न फुटता, अखंड, गोल, उन्हात चमकत निघाला आणि चिंच ओलांडून दशरथच्या गिरणीच्या दारात, उघड्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पडला. दशरथ डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन बाहेर आला आणि वर बघून ओरडला, “ओ तुळशीवाले, पीठ मळलंत तसं भाकऱ्या पण थापून टाका ना वरनंच!” मी त्याला वरूनच हात जोडले. मनातून मात्र मला त्याला मिठी मारावीशी वाटत होती, कारण गिरणीपर्यंत पल्ला गेला होता.

उरला होता तो शेवटचा टप्पा. करवंटी कितीही चपखल असली, तरी कडेने थोडी हवा निसटत होती. तिथे काहीतरी मऊ पण दाट, दाबले तर दबणारे आणि सोडले तर फुगणारे असे हवे होते. चिंध्या लावून पाहिल्या, त्या आत गोळा होऊन बसल्या. कागद ओला होऊन फाटला. शेवटी घरात खुंटीवर एक काळे फेल्ट सापडले. त्याच्या गोल चकत्या कापून, खोबरेल तेल लावून करवंटीच्या मागे बसवल्या, आणि हवेला जणू कुलूप लागले. आणखी एक गोष्ट. तोवर मी पाइप समोर सरळ रोखत होतो, कारण तोफ अशीच रोखतात अशी माझी समजूत होती. मग मला माझ्याच ऑफिसातला गुण्या, म्हणजे कोन काढायची त्रिकोणी पट्टी, आठवला. त्याची पंचेचाळीस अंशाची कड मी बारा वर्षे रोज वापरतो, पण ती कशासाठी असते हे त्या संध्याकाळी कळले. पाइप तेवढा वर केला. नंदकुमार पिंपावर चढला. मी ‘हर हर महादेव’ म्हणालो.

अण्णा, तो फुगा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो वर गेला, आणखी वर गेला, चिंचेच्या वर, गिरणीच्या धुराड्याच्या वर, आणि मग अगदी सावकाश खाली वळला. तो शारदा सदनच्याही पलीकडे जाऊन त्यांच्या मागच्या दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांवर पडला. म्हणजे पल्ला जास्त झाला! तुळशीवाल्याच्या तोफेचा पल्ला जास्त झाला! नंदकुमारने मला उचलून घेतले. खाली आमच्या इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या आणि सुगंधाकाकूसुद्धा पुरणाची परात बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होत्या. मग मी नंदकुमारला पिंपावरून उतरवून पाटावर उभे केले, उडी थोडी कमी केली, आणि पुढचा फुगा शेंड्यावरच्या खुर्चीच्या बरोबर मध्ये बसला. त्यानंतर आम्ही थांबलो नाही. फुगे भरायला बायका, हवा भरायला पोरे, उड्या मारायला नंदकुमार आणि तो दमला की परब (ते हलके असल्यामुळे खांद्यावर पाट्याचा दगड घेऊन उडी मारत). शारदा सदनवाल्यांनी छत्र्या उघडल्या, चादरी धरल्या. पण वरून पडणाऱ्या पाण्याला कोण काय करणार? त्यांना दर फुग्यामागे एक करवंटी फुकट मिळाली, हे मात्र कबूल केले पाहिजे.

तिन्हीसांज झाली. मुहूर्त आला. आमची होळी गोणपाट काढल्याबरोबर परबांनी पेटवली आणि अशी काही पेटली की बस्स! दरवर्षी आमची होळी आधी धुमसते. यंदा एका दमात ज्वाळा दुसऱ्या मजल्याला. मी सर्वांना म्हणालोही, की याला म्हणतात मुरलेले, सुके लाकूड, नाहीतर समोर बघा. समोर कर्णिक काड्यांमागून काड्या ओढत होते, रॉकेल ओतत होते आणि होळी नुसती फुसफुसत होती. त्यांच्या इमारतीतल्या बायका नैवेद्याची ताटे हातात घेऊन उभ्या. शेवटी कर्णिकांच्या मंडळी मृणालिनीबाई पुढे झाल्या आणि नवऱ्याला सर्वांदेखत म्हणाल्या, “देऊन टाका ना त्यांना काय पाहिजे ते. पोळ्या गार होतायत.” कर्णिक मैदान ओलांडून आले. मी वर बोट केले. त्यांनी खुर्चीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “ही? नक्की हीच पाहिजे तुम्हाला?” (काय माणसाचा कावेबाजपणा! चेहऱ्यावर नवल असे आणले होते, की दुसरा कोणी फसला असता.) मी म्हणालो, हीच. मृणालिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. हात न लावता, बांबूला आकडा बांधून खुर्ची खाली उतरवली. त्या दुष्टांनी तिचा एक पाय मोडलेला होता. मी मोठ्या मनाने तेही पोटात घातले. उलट आमच्याकडच्या सुक्या गोवऱ्या आणि आमच्या होळीचा विस्तव त्यांना दिला, तेव्हा कुठे त्यांची होळी पेटली.

मंडळींनी खुर्ची डोक्यावर घेऊन मिरवणूक काढली. आमच्या होळीसमोर ती मांडली, मोडक्या पायाखाली विटा लावल्या आणि मला तीत बसायचा आग्रह केला. मी पुष्कळ नाही म्हटले. पण त्या क्षणी मला तुमची फार आठवण झाली, आणि वाटले, अण्णांनी एकदा बसवले होते, आज दुसऱ्यांदा त्यांचीच आज्ञा समजावी. मी बसलो. गळ्यात झेंडूचा हार, समोर आमची होळी, आणि सबंध इमारत माझ्या नावाने नव्हे, माझ्या सन्मानार्थ बोंब मारते आहे! त्या होळीला मी स्वतःच्या हाताने नारळ वाहिला. असा शिमगा माझ्या आयुष्यात झाला नाही.

तेव्हा तुम्ही निर्धास्त मनाने यावे. आता मला कोणी तुळशीवाले म्हणत नाही, तोफवाले म्हणतात. बाकी काही विशेष लिहिण्यासारखे नाही. गुडघ्याला जपावे, हा अपत्याचा हट्ट समजावा.

तुमचा आज्ञाधारक,
मधुकर

ता. क. : गेल्या खेपेला विसरलेली तुमची काळी फेल्टची टोपी आमच्याकडे आहे का, असे तुम्ही विचारले होते. आहे. गोल चकत्यांच्या रूपात आहे. काही शारदा सदनच्या आवारातही आहे.

दुसरा ता. क. : धुळवडीला वसुधा परत आली. मी तिला काही न सांगता खुर्चीपुढे नेऊन उभे केले. तिने खुर्ची पाहिली, वाकून खालून पाहिली आणि विचारले की ही कोणाची? खुर्चीच्या खाली कर्णिकांच्या वडिलांचे नाव रंगवलेले होते. ढेकूण फार झाले म्हणून कर्णिकांनी ती स्वतःच होळीवर घातली होती. ते सर्व ढेकूण आता आमच्याकडे सुखरूप आहेत, आणि हे पत्र उभ्याने लिहिण्याचे कारण हेच. गाद्या गच्चीवर आहेत.

तिसरा ता. क. : मग तुमची खुर्ची कुठे, असे तुमच्या मनात येईल. जोगेश्वरीला जायच्या आधी वसुधाने तिला रॉकेलचा हात मारून, वास जाईपर्यंत म्हणून, जिन्याखाली ठेवली होती. परबांना विचारले, तर ते म्हणाले, “तुमीच सांगलास मा, सगळा न्हेवा, इचारू नको.” अण्णा, तिच्यासारखी जळलेली होळी मुलुंडात कोणी पाहिली नसेल. तिला नारळ, नैवेद्य, प्रदक्षिणा, सर्व यथासांग झाले. मी स्वतः तिच्यासमोर बसलो होतो. कळले तेव्हा मी गच्चीवर जाऊन बराच वेळ एकटा उभा राहिलो. रडलो म्हणायलाही हरकत नाही.

चौथा ता. क. (मुख्य विनंती) : वसुधा माझ्याशी आठवडाभर बोललेली नाही. फक्त तुमच्या तेलाच्या बाटलीपुरती बोलली. तेव्हा तुम्ही कृपा करून तिला वेगळे पत्र लिहावे, की ती खुर्ची होळीला वाहीन असा तुमचा फार जुना नवस होता आणि माझ्या हातून तो अनायासे फिटला. तुमचा शब्द ती खाली पडू देणार नाही. आणि पाडव्याला नक्की यावे. कर्णिकांनी एक साधी खुर्ची तुमच्यासाठी आपणहून देऊ केली आहे, तीत तुम्ही बसावे. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी तासभर दाराला टेकून उभे राहिला होतात. यंदा महिनाभर मी उभा राहीन.

(खाली वेगळ्या अक्षरात)

ती. अण्णांस वसुधाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला हे पत्र माझ्याकडेच दिले आहे. तेव्हा नवसाचे काही लिहू नका. खुर्चीचे मलाही फार वाईट वाटले, पण हे त्या रात्री गच्चीवरून खाली आले तेव्हाच माझा राग गेला होता. तेवढे अजून त्यांना सांगितलेले नाही, तुम्हीही सांगू नका. तुम्ही या, आणि ही हकीकत यांच्या तोंडून ऐका. नंदकुमारभावोजी उडीसकट करून दाखवतात. येताना डोक्यावर टोपी घालू नका, पिशवीत तळाशी ठेवा. रंगपंचमी झाली तरी तोफ अजून गच्चीवरच आहे.